वर सरकलेली फळी

विहिरीच्या बोळात त्या साली एक बातमी फार जोरात होती. कस्तुराबाई वाकून चालते ती उगाच नाही, म्हणे. तिचा नवरा मरायच्या आधी अंगणात रुपयांचा हंडा पुरून गेला, आणि जागा सांगायच्या आत त्याची वाचा बसली. म्हणून बाईची नजर जमिनीवरून उठत नाही. ही बातमी बजाबाईनं सकाळी विहिरीवर सोडली आणि गिरणीचा दुपारचा भोंगा व्हायच्या आत ती अर्ध्या साखर पेठेत फिरून, थोडी लठ्ठ होऊन, परत बोळात आली. आता हंडे दोन झाले होते.

खरं सांगायचं तर कस्तुराबाईचा नवरा गिरणीच्या दारावर पहारा करायचा आणि मागं ठेवून गेला एक छत्री, तीसुद्धा काडी मोडलेली. त्याच्याजवळ पुरण्यासारखं काही असतं तर ते कस्तुराबाईनं तो हयात असतानाच उकरून काढलं असतं. बाई वाकून चालत होती, कारण तिला सरळ होता येत नव्हतं. पण एवढ्या साध्या कारणावर बोळाची भूक थोडीच भागते.

आणि त्यातली गंमत अशी, की आपण वाकलोय हे एकट्या कस्तुराबाईला ठाऊक नव्हतं. तिच्या मते ती होती तशीच होती. बाकीचं जग मात्र तिच्याशी वाकड्यात शिरलं होतं. घागरी जड झाल्या होत्या, विहिरीचा काठ उंचावला होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरातली फळी वर सरकली होती.

ही फळी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. स्वयंपाकाच्या खोलीत, चुलीच्या डाव्या अंगाला, भिंतीत ठोकलेल्या दोन खुंट्यांवर एक सागवानी तक्ता आडवा टाकलेला होता. त्यावर भाकरीची दुरडी, गुळाचा डबा, शेंगाचटणीची बरणी आणि रतिबाच्या दुधाचं पातेलं. फळीवरचं खाली काढून ज्याचं त्याला वाटायचं ते घरच्या कारभारणीनं. कस्तुराबाई वेळापूरहून लग्न होऊन आली तेव्हा हा मान तिच्या सासूकडे होता. सासू गेल्यावर तो तिच्याकडे आला आणि तिनं तो असा काही सांभाळला, की सांडशीतलं पातेलं हलायचं नाही. पहिला पेला नवऱ्याला, नवरा गेल्यावर मुलाला, म्हणजे धोंडीरामला, कारण तो गिरणीत सांच्यावर, म्हणजे यंत्राच्या मागावर, राबतो. मग दोन नातवांना. उरेल त्याला विरजण. बाईमाणसानं दूध प्यायचं असतं, हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कस्तुराबाईच्या तर नाहीच.

आणि आता दिवाळीपासून तिचा हात त्या पातेल्याला पोचेना. टाचा उंचावल्या, तरी बोटं फळीच्या कडेला नुसती खाजवल्यासारखी व्हायची. एकदा पाटावर चढून पाहिलं, तर पाठीत अशी कळ निघाली की पाटावरच बसून राहिली. तेवढ्यात सून गिरिजा मागून आली आणि अल्लाद पातेलं खाली घेऊन म्हणाली, "आत्याबाई, मला हाक मारायची की. मी हाय न्हवं."

झालं. कस्तुराबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फळी हिनंच वर घेतली.

गिरिजा दुधनीकडची, अंगानं काटकुळी, पण उंच. मांडीवर पोरगी पिती होती आणि मोठी दोन पोरं घरभर. बोलायला मऊ. पण मऊ बोलणाऱ्या सुना काय काय करतात, याची उदाहरणं कस्तुराबाईजवळ पोतंभर होती. तिनं खुंट्यांजवळची भिंत तपासली. तिथं मातीचा ताजा गिलावा होता. गिरिजानं दिवाळीला सबंध घर सारवलं होतं, त्यात हीही भिंत आली होती. पण कस्तुराबाईला तेवढाच गिलावा दिसला.

"ह्या खुंट्या कवा काडल्यास?" तिनं सरळ विचारलं.

"अय्यो, कुटल्या खुंट्या?"

"साळसूदपना नगं. दूद तुज्या हातात याला पायजे, म्हनून फळी हातभर वर नेलीस. कारभार पायजे तर तोंडानं माग की. भिंती कशाला फोडतीस?"

गिरिजानं देवाची शपथ घेतली, पोरांची घेतली. कस्तुराबाई म्हणाली, पोरांच्या शपथा घेणारी बाई फळी काय, घरसुद्धा उचलून नेईल. त्या संध्याकाळी धोंडीराम गिरणीतून आला, अजून कानावरचा कापूससुद्धा झटकला नव्हता, तोच आईनं निकाल ऐकवला. "मला पडवीत येगळी चूल मांडून दे. शिमग्याच्या आत. न्हायतर मी वेळापूरला भावाकडं जाती."

आता वेळापूरचा भाऊ म्हणजे घरात सहा माणसं आणि एक खाट. तिथं कस्तुराबाईला कुणी ठेवून घेणार नव्हतं, हे ती, धोंडीराम आणि भाऊ तिघांनाही माहीत होतं. पण वेगळी चूल ही खरी गोष्ट होती. एकुलत्या एका मुलाच्या घरात आईची चूल निराळी मांडली, की बोळात तोंड दाखवायला जागा उरत नाही, आणि एकदा फुटलेलं घर परत सांधत नाही. धोंडीराम दोन दिवस जेवला नाही म्हणण्यापेक्षा, जेवला पण चव लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं पडवीत चार विटा आणून ठेवल्या. आईचा हट्ट त्याला ठाऊक होता. गिरिजा त्या विटांना वळसा घालून ये-जा करू लागली.

खरं तर या सगळ्याची सुरुवात झाली होती आदल्या उन्हाळ्यात. विहिरीवरून भरलेली घागर उचलताना कस्तुराबाईच्या पाठीत कट् असा आवाज झाला. शेजारच्या बाईलासुद्धा तो ऐकू आला, पण तिला वाटलं रहाट वाजला. कस्तुराबाई घरी येऊन आडवी झाली ती उठेना. बोळाच्या तोंडाशी राहणारा धुळाप्पा मोडलेलं-मुरगळलेलं बघायचा. तो आला, पाठीवर तेल रगडलं, शेकायला सांगितलं आणि म्हणाला, "उसन भरलीया. त्यात वय झालंय की अक्का."

हे 'वय झालंय' कस्तुराबाईच्या डोक्यात बसलं ते तिथून. पाठ दुखते म्हटलं, वय झालं. दम लागतो म्हटलं, वय झालं. जेवताना पोटात दोन घास गेले की तिसऱ्याला जागा राहत नाही म्हटलं, तरी तेच. बोळातल्या कुणालाही काही विचारावं, तर उत्तर आधीच तोंडात तयार. वयानं पाठ दुखेल, हे तिला कबूल होतं. वयानं फळी वर जात नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तरी कुठं चुकीचं होतं?

तशात संक्रांतीला नवं लुगडं आलं. कस्तुराबाई सून उठायच्या आधीपासून अंधाऱ्या माजघरात रहाटावर कांड्या भरत बसायची. मागावर धोट्यात घालायला सूत गुंडाळून द्यायचं, ते काम. हे सूत पलीकडच्या आळीतल्या आशन्नाचं. आशन्ना तेलुगू विणकर, घरच्याच मागावर लुगडी विणायचा आणि दर संक्रांतीला कस्तुराबाईला एक लुगडं द्यायचा. यंदाचं लुगडं नेसून ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिचं पाऊल पुढच्या काठातच अडकलं. वर खोचलं, तर पुन्हा घसरून खाली. चालताना लुगडं जमीन झाडत होतं. बजाबाई विहिरीवर म्हणाली, "कस्तुराबाई, तुज्या लुगड्यानं बोळ चकाचक झाला बग. झाडूवालीची नोकरी जातीया."

कस्तुराबाई तडक आशन्नाकडे. लुगडं त्याच्यापुढे टाकलं. "पन्हा कशापाय वाडिवलास रं? सूत फुकट आलंय व्हय? मी काय ताडमाड बाई हाय?"

आशन्ना मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्यानं धोटा थांबवला. "कस्तुरक्का, पन्हा कसा वाढंल? ही फणी बघा." कापडाची रुंदी ठरते ती फणीनं, ताण्याचे, म्हणजे उभे, सगळे धागे तिच्या दातांतून येतात. "ही फणी माझ्या बापाची. तो गेला, मी बसलो, फणी तीच. तुम्हाला दिली ती सगळी लुगडी हिच्यातूनच आली."

"खोटं."

आशन्ना कंटाळला असावा, पण बाईच्या कांड्या चांगल्या असायच्या. त्यानं तिलाच सांगितलं, घरातलं जुनं, विरलेलं लुगडं घेऊन या. ती घेऊन आली. अंगणात दोन्ही लुगडी एकावर एक पसरली. काठाला काठ लागला, बोटभरही फरक नाही. आशन्नाच्या बायकोनं ते जुनं लुगडं कस्तुराबाईला तिथंच वरून गुंडाळून दाखवलं. तेही जमीन झाडत होतं. चार वर्षांपूर्वी नेसली तेव्हा ते घोट्याच्या वर असायचं, हे कस्तुराबाईला चांगलं आठवत होतं, कारण तेव्हा तिनं पन्हा कमी दिला म्हणून भांडण केलं होतं.

"लुगडं वाढलं न्हाई अक्का," आशन्ना हळूच म्हणाला. "तुमची कंबर खाली आली. बरगड्या बघा, कमरेवर टेकल्यात. लुगडं बांधायला जागा कुठंय? आमच्या अम्माचं असंच झालं होतं."

कस्तुराबाईनं दोन्ही लुगडी गोळा केली. कस्तुराबाई न बोलता निघाली, ही आशन्नाच्या आळीत दोन दिवस पुरेल एवढी बातमी झाली. वाटेत तिच्या मनात जे येत होतं ते तिला येऊ द्यायचं नव्हतं. लुगडं वाढलं नसेल, तर विहिरीचा काठही उंच झाला नसेल. काठ उंच झाला नसेल, तर फळी. फळीपाशी आली की ती विचार सोडून द्यायची आणि पुन्हा आशन्नावर चिडायची. पडवीत विटा रचून ठेवल्या होत्या. बोळाला सांगून झालं होतं. आता आपल्याच तोंडानं आपण आखूड झालो म्हणायचं?

घरी येऊन तिनं लुगड्याचं नावसुद्धा काढलं नाही. उलट जोरातच म्हणाली, "चूल कवा घालतोस? विटांवर पोरं मुततील."

चूल घातली जायची होती त्याच्या आदल्या दिवशी लुगड्याचा काठ पायात आला. पडवीच्या पायरीवर, बसल्या उंचीवरून पडावं तेवढंच पडणं. पण तिनं हात टेकला आणि मनगट वाकडं झालं. धुळाप्पा तेलाची बाटली घेऊन निघालाच होता. पण या खेपेला गिरिजा दारात आडवी उभी राहिली. "मागच्या टायमाला तुमी रगडलं, तवापासनं आत्याबाई सरळ झाल्या न्हाईत. आता दवाखान्यात न्हेनार." सुनेचा आवाज एवढा चढलेला बोळानं पहिल्यांदा ऐकला. टांगा आला. धोंडीरामनं गिरणीत खाडा केला, आणि मांडीवरच्या पोरीसकट गिरिजाही सोबत गेली.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई पुण्याकडची, चष्मेवाली, बोलायला सडेतोड. तिनं मनगट ओढून जागेवर बसवलं, फळ्या बांधल्या. मग कस्तुराबाईला भिंतीला टेकून उभं केलं. डोकं भिंतीला लागेना. पाठीवर बोटानं एकेक मणका दाबत गेली, आणि एका जागी कस्तुराबाई ओरडली.

"इथं कधी दुखलं होतं जोरात?"

"घागर उचलताना. उसन भरली हुती."

"उसण नाही. मणका दबला होता तेव्हा. नंतर आणखी एक-दोन दबले असावेत. बाळंतपणं किती?"

"नऊ. तीन ऱ्हायली, ह्यो योक आन् दोन लेकी."

"सगळ्यांना अंगावर पाजलं? दूध स्वतः कधी प्यायलात?"

कस्तुराबाईला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटला. "दूद पुरुषमानसास्नी असतंय. मी वाटती."

"तुमची आई म्हातारपणी वाकली होती?"

"व्हय. पार काठीच्या मुठीला कपाळ लागायचं. पर तिनं लई वजं व्हायली."

डॉक्टरीणबाई विचारत गेली. पाळी केव्हा गेली? लवकर, चाळिशीच्या आतच. मिश्री लावता? दिवसातून तीनदा. काम कसलं? अंधारात बसून कांड्या. उन्हात कधी बसता? उन्हात बसायला काय वेड लागलंय. जेवण? भाकरी, चटणी, सोमवार, एकादशी, आणि पोटात जागा नसते म्हणून अर्धी भाकरी परत.

कस्तुराबाईचा धीर सुटला. "बाई, येवडं कशाला इच्यारताय? वय झालं म्हना आन् सोडा की. सगळी तेच म्हनत्यात."

"वय सगळ्यांचंच होतं. सगळ्या वाकत नाहीत." डॉक्टरीणबाईनं कस्तुराबाईच्या पदराचा कोपरा चिमटीत धरला. "हे कापड बघा. दाट विणीचं आहे. यातला एकेक धागा कुणी काढत गेलं, तर वरून कापडच दिसेल, पण जरा ताण दिला की फाटेल. तुमची हाडं तशी विरळ झालीत. नऊ पोरांना तुम्ही दिलंत, आत परत काही भरलं नाही. बाईची पाळी गेली की हाडांची झीज वाढते, आणि तुमची लवकर गेली. त्यात आईकडून आलेला बांधा, तंबाखू, अंधार. यातलं एकच कारण म्हणून मी सांगू शकत नाही; सगळं मिळून झालंय. गेलेली उंची परत येणार नाही. राहिलेलं सांभाळता येईल. दूध-ताक घ्या, तीळ, पालेभाजी खा, सकाळी उन्हात बसा, थोडं चाला, मिश्री सोडा, घागर उचलू नका, आणि लुगडं वर खोचून पडणं टाळा. पुढच्या खेपेला खुब्याचं हाड मोडलं, तर उठणं कठीण."

मग तिनं चष्म्यातून गिरिजाकडे पाहिलं. काटकुळी, तिसरं मूल अंगावर, गालाची हाडं वर आलेली. "हे सगळं मी तुम्हालाही सांगतेय बरं का. त्यांना उशीर झालाय, तुम्हाला नाही."

"मी धडधाकट हाय की," गिरिजा म्हणाली.

"याही होत्या," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

टांग्यात कस्तुराबाई सगळ्या जगावर रुसून बसली. दुखणं आहे हे कळलं ते उंची गेल्यावर. उपाय आहे म्हणतात तो असा, की गेलेलं येणार नाही. आणि मिश्री सोडा, म्हणजे जगण्यातली एकुलती एक मजा तेवढी काढून घ्या. पण त्याहून एक गोष्ट तिला टोचत होती. नऊ बाळंतपणं, अंधार, मिश्री, दूध न पिणं, या सगळ्यात फळी कुठंच नव्हती. डॉक्टरीणबाईनं गिरिजाचं नाव घेतलं ते चोर म्हणून नाही, पुढची वाकणारी म्हणून घेतलं.

घरी आल्यावर बजाबाई विचारपूस करायला आलीच. "मग, डाक्टरनीनं काय सांगितलं? वयच न्हवं?"

"तुजं," कस्तुराबाई म्हणाली, "माजं न्हाय."

संध्याकाळी पोरं दुधाला जमली. गिरिजानं पातेलं फळीवरून काढून सासूपुढे ठेवलं आणि उजवा हात फळ्यांत बांधलेला पाहून पळीही तिच्या डाव्या हाताशी सरकवली. कस्तुराबाईनं पेले मांडले. धोंडीरामचा, नातवांचा. मग थांबली. गिरिजा एक पेला सासूसाठी घेऊन आली.

"आन् तुजा?"

"मला कशाला, आत्याबाई? पोरांला कमी पडंल."

कस्तुराबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी. गिरिजा उभी होती ती एक खांदा खाली टाकून, मूल कडेवर. गिरिजानं नजर चुकवली. पडवीतल्या विटा उघड्या दारातून दिसत होत्या.

धोंडीराम दिवसभर मनात घोळवत होता ते शेवटी बोलला. गिरणीतल्या जॉबरपुढे, म्हणजे मुकादमापुढेसुद्धा एवढा घाबरला नसेल. "आई, मी काय म्हनतो. फळी हातभर खाली घेऊ, तुज्या हाताला येईल अशी? का... का ती चूलच घालू?"

"फळीला हात लावू नगंस. हाय तितंच हुती ती, तितंच ऱ्हाऊ दे. पातेलं हिनं काडायचं, मी वाटायचं, आन् पयला पेला हिच्या म्होरं ठेवायचा. मी वाकले ते वाकले. ही बी वाकली, तर ह्या घरात वर हात कुनाचा पोचनार हाय? तुला तर खुंटीवरची सोताची टोपी घावत न्हाय."